युद्धकैद्याचं कार्ड ते हेगचं कोर्ट: युद्धाचे कायदे पाळले जातात ते कसे?

दप्तरी (धागालेखक)

लढाईची बातमी आली की चर्चेत दोन टोकं दिसतात. एक म्हणतं, "युद्धात कसले आलेत नियम!" दुसरं म्हणतं, "हेगला खेचा त्यांना." या दोन टोकांच्या मधल्या जागेत खरं काम चालतं आणि तिच्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

पाया म्हणजे १२ ऑगस्ट १९४९ चे चार जिनिव्हा करार. पहिला जमिनीवरच्या जखमी सैनिकांसाठी, दुसरा समुद्रावरच्या जखमींसाठी आणि जहाज बुडालेल्यांसाठी, तिसरा युद्धकैद्यांसाठी, चौथा नागरिकांसाठी. भारत १९५० पासून चारही करारांत आहे. १९७७ मध्ये दोन पूरक करार झाले, ते भारताने स्वीकारलेले नाहीत. मात्र त्यातले मुख्य नियम रूढीने सगळ्यांनाच लागू आहेत असं मानलं जातं: लढणारा आणि न लढणारा यांत फरक करा, लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी बेसुमार होणार असेल तर हल्ला करू नका, आणि हल्ल्याआधी शक्य ती खबरदारी घ्या.

करार म्हणजे देशातला कायदा नव्हे. आपल्याकडे तो संसदेच्या कायद्यातून आला, 'जिनिव्हा करार अधिनियम, १९६०'. त्यातली तीन कलमं डोक्यात ठेवली की पुढची चर्चा सोपी होईल.

कलम ३: करारांचा 'गंभीर भंग' करणाऱ्याला शिक्षा, मग तो भारतात करो वा बाहेर. संरक्षित व्यक्तीची (करारांनी ज्यांना संरक्षण दिलंय असा जखमी, कैदी, नागरिक) हेतुपुरस्सर हत्या असेल तर मृत्युदंड किंवा जन्मठेप, बाकी प्रकारांत १४ वर्षांपर्यंत कैद. कलम ४: गुन्हा परदेशात घडला असला तरी आरोपी भारतात जिथे सापडेल तिथे तो घडला असं धरून खटला चालवता येतो. आणि कलम १७: सरकारने किंवा सरकारने नेमून दिलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय कोणतंही न्यायालय दखल घेऊ शकत नाही.

पहिली अडचण या कलम १७ मध्येच आहे. पीडित, त्याचे नातेवाईक, एखादी संस्था यांपैकी कुणीही थेट कोर्टात जाऊ शकत नाही. ज्या सरकारच्या माणसांवर आरोप, त्याच सरकारने तक्रार करायची.

दुसरी अडचण 'गंभीर भंग' या शब्दांत आहे. ही यादी चारही करारांत कलम ५०, ५१, १३० आणि १४७ मध्ये दिलेली आहे आणि ती फक्त दोन देशांमधल्या संघर्षाला लागू होते. देशांतर्गत सशस्त्र संघर्षासाठी चारही करारांत मिळून एकच सामायिक कलम आहे, कलम ३ (हे करारांचं, वरच्या १९६० च्या कायद्याचं नव्हे). शरण आलेल्याला मारू नका, छळ नको, ओलीस नको, न्यायालयाशिवाय शिक्षा नको. हे कलम मोडणं १९६० च्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, कारण ते गंभीर भंगाच्या यादीतच नाही. १९९५ मध्ये माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने तादिच प्रकरणात देशांतर्गत संघर्षातही युद्धगुन्हा घडतो असं स्पष्ट केलं. आपला कायदा त्या आधीच्याच जागी उभा आहे.

त्यामुळे माझं म्हणणं असं, की अंमलबजावणी शोधायची तर आधी छावणीच्या नोंदवहीत आणि तुकडीच्या आदेशवहीत बघायला हवी. कोर्ट फार नंतर येतं, आणि आलं तरी ते या वह्यांवरच उभं राहतं.

---

तिठा

चांगला विषय. "नाव, हुद्दा, क्रमांक, बास" असं आपण ऐकतो. युद्धकैदी हातात आल्यावर पकडणाऱ्याने क्रमाने नेमकं काय करायचं असतं? आणि युद्ध जाहीर झालेलंच नसेल तर हे सगळं लागू होतं का?

---

रानवारा

@तिठा, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. सामायिक कलम २ नुसार दोन देशांत प्रत्यक्ष सशस्त्र संघर्ष झाला की पुरे. जाहीरनामा लागत नाही, एका बाजूने 'हे युद्धच नाही' म्हटलं तरी फरक पडत नाही. कारगिल किंवा फेब्रुवारी २०१९ ची हवाई चकमक, दोन्हीकडे पकडलेला वैमानिक युद्धकैदीच. २०१९ मध्ये पाकिस्तानात पकडलेल्या आपल्या वैमानिकाचे डोळे बांधलेले, रक्ताळलेले व्हिडिओ फिरले, तेव्हा तिसऱ्या कराराचं कलम १३ मोडलं. कैद्याचं लोकांच्या कुतूहलापासून आणि अपमानापासून संरक्षण करा, असं ते कलम सांगतं. व्हिडिओत त्याच्याशी बरं वागलेलं दिसतं की वाईट, हा प्रश्न नंतरचा. दाखवणंच चूक. आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे. शत्रूच्या कैद्याचे चेहरे आपल्या वाहिन्यांवर दाखवणंही तितकंच चूक.

आता क्रम.

पकडताक्षणी शस्त्रं आणि लष्करी कागद काढून घ्यायचे. हेल्मेट, गॅस मास्क, कपडे, जेवणाची भांडी, ओळखपत्र, हुद्द्याच्या फिती हे त्याच्याकडेच राहतं. पैसे काढून घ्यायचे तर अधिकाऱ्याच्या हुकुमानेच, वेगळ्या वहीत रक्कम आणि मालकाची नोंद करून, आणि सविस्तर पावती देऊन. पावती देणाऱ्याचं नाव, हुद्दा, तुकडी त्यावर वाचता आली पाहिजे. हे कलम १८. लूट आणि जप्ती यांतला फरक त्या पावतीवर ठरतो.

कैद्याने सांगायच्या गोष्टी चार आहेत, तीन नव्हेत: पूर्ण नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि लष्करी क्रमांक. यापलीकडे विचारायला बंदी नाही, पण माहिती काढण्यासाठी शारीरिक वा मानसिक जबरदस्ती करता येत नाही. उत्तर दिलं नाही म्हणून धमकी, अपमान किंवा वाईट वागणूक चालत नाही. ज्या देशाचे सैनिक पकडले जाऊ शकतात त्याने त्यांना आधीच ओळखपत्र द्यायचं असतं, शक्यतो ६.५ × १० सेंटिमीटरचं आणि दोन प्रतींत.

मग लढाईच्या जागेपासून दूर हलवायचं, लवकरात लवकर. कैद्यांना तळाजवळ ठेवून तळाची ढाल करणं हा वेगळा भंग.

छावणीत पोचल्यापासून उशिरात उशिरा एका आठवड्याच्या आत त्याला कार्ड लिहू द्यायचं, एक घरी आणि एक जिनिव्हातल्या मध्यवर्ती युद्धकैदी संस्थेला. कलम ७०. छावणी तात्पुरती असली तरी सूट नाही, आजारी पडून रुग्णालयात हलवलं किंवा दुसऱ्या छावणीत नेलं तर पुन्हा कार्ड. त्यानंतर महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं. शिवाय सरकारने स्वतःचं माहिती कार्यालय उघडून कैद्यांची माहिती कळवायची.

माझ्या मते साऱ्या करारातला सर्वांत कामाचा कागद हाच. ज्या माणसाचं नाव जिनिव्हात नोंदलं गेलं, त्याला नंतर गायब करणं फार अवघड जातं. "तो आमच्याकडे आलाच नाही" असं म्हणायची सोय उरत नाही. युद्धानंतर वर्षानुवर्षं वाट बघणारी कुटुंबं जिथे जिथे आहेत, तिथे बहुतेक वेळा मुळात हा कागदच झालेला नसतो.

छावणीत महिन्यातून एकदा तरी वैद्यकीय तपासणी आणि त्यात वजनाची नोंद, कलम ३१. वजनाच्या त्या आकड्यांमुळेच उपासमार पुढे सिद्ध होते किंवा खोटी ठरते. कराराची प्रत कैद्यांच्या भाषेत, सगळ्यांना वाचता येईल अशा जागी लावायची. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचे प्रतिनिधी आले तर त्यांना साक्षीदाराशिवाय कैद्याशी बोलू द्यायचं. भेटीची लांबी आणि वारंवारता यांवर बंदी घालता येत नाही. अगदी निकडीचं लष्करी कारण असेल तरच भेट टाळता येते, तीही तात्पुरती.

पळून जायचा प्रयत्न फसला तर शिक्षा फक्त शिस्तभंगाची, कमाल ३० दिवस. पळणं हा त्याच्यासाठी गुन्हा मानलेला नाही. हे अनेकांना माहीत नसतं.

---

कातळ

@रानवारा, तपशील उत्तम. पण करार नीट पाळला गेल्याचं उदाहरण म्हणून १९७१ पुढे केलं जातं, त्याची दुसरी बाजूही लिहायला हवी.

१६ डिसेंबर १९७१ च्या शरणागतीच्या कागदातच लिहिलं होतं की शरण येणाऱ्यांना जिनिव्हा करारांनुसार सन्मानाने वागवलं जाईल. सुमारे ९३,००० जण भारताच्या ताब्यात आले. हा आकडा सर्रास 'सैनिक' म्हणून वापरला जातो, त्यात नागरिकही होते. कैद्यांना वागवण्याबाबत भारताचं नाव चांगलं राहिलं. पण तिसऱ्या कराराचं कलम ११८ सांगतं की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडून परत पाठवायचं. परतपाठवणी सुरू झाली सप्टेंबर १९७३ मध्ये आणि संपली एप्रिल १९७४ मध्ये. भारताची भूमिका अशी होती की शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त कमांडपुढे झाली, तेव्हा बांगलादेशच्या संमतीशिवाय निर्णय होणार नाही. राजकीय दृष्टीने ते समजण्यासारखं आहे, पण कलम ११८ मध्ये अशी अट नाही. शिवाय ते कलम तडजोडीवर अवलंबून राहू नये म्हणूनच तसं लिहिलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर कैदी वर्षानुवर्षं अडकून पडले होते, त्याचा तो धडा.

आणि खटले? बांगलादेशला १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. पाकिस्तान मे १९७३ मध्ये भारताविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, डिसेंबरात तो दावा काढून घेतला गेला. ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारात हे १९५ सोडून बाकीच्यांचा मार्ग मोकळा झाला आणि ९ एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय करारात त्यांच्यावरचे खटलेही सोडून दिले गेले. म्हणजे त्या १९५ पैकी एकावरही खटला चालला नाही. करार म्हणतो की गंभीर भंगाच्या आरोपीला शोधा, आणि एकतर खटला चालवा किंवा चालवणाऱ्या देशाकडे सोपवा. 'वाटाघाटीत सोडून द्या' असा तिसरा पर्याय त्यात नाही.

---

दप्तरी (धागालेखक)

@कातळ, मान्य. कलम ११८ बद्दल तुमचं म्हणणं कायद्याच्या अंगाने बरोबर आहे.

यालाच जोडून 'संरक्षक सत्ता' ही यंत्रणा. करारांच्या मूळ आराखड्यात देखरेखीचं काम तिच्याकडे होतं. लढणाऱ्या प्रत्येक देशाने एक तटस्थ देश नेमायचा आणि त्याने शत्रूच्या ताब्यातल्या, नेमणाऱ्या देशाच्या माणसांवर लक्ष ठेवायचं. १९४९ नंतर ही यंत्रणा वापरली गेल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी: १९५६ चं सुएझ, १९६१ चा गोवा, १९७१ चं भारत-पाक युद्ध, १९८२ चं फॉकलंड. त्यातली दोन आपल्याशी जोडलेली. गोव्याच्या वेळी पोर्तुगालचे हितसंबंध ब्राझीलने सांभाळले. १९७१ मध्ये स्वित्झर्लंडकडे काम गेलं, पण त्याची व्याप्ती किती यावर भारत-पाकचं एकमत झालं नाही. यंत्रणा बंद पडण्याचं कारण हेच: दोन्ही शत्रूंची संमती लागते, आणि नेमणूक म्हणजे 'युद्ध चालू आहे' अशी कबुली.

गोव्याचं नाव निघालंच आहे तर भारतात जिनिव्हा करारांवरचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल गोव्यातूनच आला, हे इथे लिहायलाच हवं. मोन्तेरो विरुद्ध गोवा राज्य, सर्वोच्च न्यायालय, २६ मार्च १९६९. निकाल सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी लिहिला.

लष्करी कारवाई डिसेंबर १९६१ ची. मार्च १९६२ मध्ये बारावी घटनादुरुस्ती झाली आणि २० डिसेंबर १९६१ पासून गोवा भारताचा भाग धरला गेला. नागरिकत्वाच्या आदेशाने रहिवासी भारतीय झाले. ज्यांना पोर्तुगीज राहायचं होतं त्यांनी ठरावीक मुदतीत तसं लिहून द्यायचं होतं. एका धर्मगुरूने तसं लिहून दिलं. राहण्याचा परवाना १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये संपल्यावरही ते गेले नाहीत, म्हणून परकीय नागरिक कायद्याखाली खटला झाला. त्यांचा बचाव असा: गोवा हा व्याप्त प्रदेश, म्हणजे परक्या सैन्याने ताब्यात घेतलेला भाग, आहे, चौथ्या कराराने व्याप्त प्रदेशातून संरक्षित व्यक्तीला हाकलता येत नाही, आणि कलम ४७ म्हणतं की प्रदेश सामील करून घेतला तरी हे संरक्षण जात नाही.

न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. लढाई चालू असताना घाईने जाहीर केलेलं सामिलीकरण संरक्षण काढून घेऊ शकत नाही, कलम ४७ त्यासाठी आहे. पण जिथे प्रतिकार पूर्ण संपला, प्रदेश पक्का झाला, तिथे व्याप्तीच संपते आणि तिच्याबरोबर चौथ्या कराराचं संरक्षणही. गोवा दुसऱ्या प्रकारात बसतो, असं ठरलं.

पुढच्या काळासाठी याहून महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. न्यायालयाने म्हटलं की १९६० चा कायदा भंगाला शिक्षा ठेवून अप्रत्यक्ष संरक्षण देतो, पण करार पाळायला लावा म्हणून सरकारविरुद्ध दाद मागण्याचा हक्क तो कुणाला देत नाही. कलम १७ आणि हा निकाल एकत्र वाचले की भारतीय न्यायालयांत जिनिव्हा करारांवर निकाल इतके थोडे का, ते कळतं.

---

मिठागर

रुग्णालयांवरच्या हल्ल्यांबद्दल लिहा कुणीतरी. दर वेळी एक बाजू म्हणते "आत शत्रू लपला होता". तेवढ्यावर हल्ला कायदेशीर होतो का?

---

गलबत

@मिठागर, नाही होत. नियम पायऱ्यांचा आहे.

रुग्णालयाचं संरक्षण जातं ते फक्त तिथून शत्रूला अपायकारक कृत्यं होत असतील तर. जखमी सैनिक आत असणं, त्यांच्याकडून काढलेली शस्त्रं तिथे पडलेली असणं, पहारेकऱ्यांकडे स्वतःच्या आणि रुग्णांच्या बचावापुरती शस्त्रं असणं, यातलं काहीही अपायकारक कृत्य नाही. खरंच गच्चीवरून गोळीबार होत असेल तरी आधी इशारा द्यायचा, वाजवी मुदत द्यायची, आणि इशारा धुडकावला गेला तरच पुढे. नंतरही हानी आणि लष्करी फायदा यांचं गणित सुटत नाही. आतल्या रुग्णांचं संरक्षण कायमच राहतं.

काय आणि का बिघडतं, हे बघायला कुंदुझ घ्या. ३ ऑक्टोबर २०१५, अफगाणिस्तान, 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स'चं ट्रॉमा रुग्णालय, मृत ४२. अमेरिकी लष्कराच्या स्वतःच्या चौकशीत साखळी अशी निघाली:

एसी-१३० हे तोफा बसवलेलं विमान ठरलेल्या वेळेच्या ६९ मिनिटं आधी उडालं, कारण जमिनीवरची तुकडी संकटात आहे असा निरोप आला. त्यामुळे मोहिमेची नेहमीची माहिती आणि 'इथे मारू नये' अशा जागांची यादी न घेताच ते गेलं. रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश त्या यादीत होते, संस्थेने ते आधीच कळवले होते.

उड्डाणात विमानाची दळणवळण यंत्रणा बिघडली. चित्रफीत पाठवणं बंद, संदेश येणं-जाणं बंद. म्हणजे यादी नंतरही पोचू शकली नाही.

आपल्यावर क्षेपणास्त्र सुटलं असं वाटल्याने विमान लांब गेलं. तिथून लक्ष्याचे आकडे टाकले तर ते ३०० मीटरहून जास्त दूरच्या मोकळ्या शेतावर पडले. मग चालकदलाने शेताजवळची सगळ्यात मोठी इमारत लक्ष्याच्या तोंडी वर्णनाशी जुळवली. ते रुग्णालय होतं. विमान जवळ आल्यावर तेच आकडे खऱ्या इमारतीकडे वळले, पण दल वर्णनालाच धरून राहिलं.

गोळीबाराच्या सुमारे एक मिनिट आधी विमानाने आकडे अफगाणिस्तानातल्याच बगराम तळावरच्या मुख्यालयाला कळवले. ते रुग्णालयाचे आहेत हे तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. पहाटे २:०८ ला गोळीबार सुरू, २:२० ला संस्थेचा फोन. चूक कळेपर्यंत गोळीबार आटोपलेला होता. २९ मिनिटांत २११ गोळे.

इमारतीतून शत्रूकडून गोळीबार होत नव्हता, हे चौकशीनेच मान्य केलं. १६ जणांवर प्रशासकीय कारवाई झाली, फौजदारी खटला एकही नाही. हेतू नव्हता म्हणून युद्धगुन्हा नाही, असं लष्कराचं म्हणणं. इथे माझा ठाम आक्षेप आहे. खबरदारी घेणं हे हल्ला करणाऱ्याचं स्वतंत्र कर्तव्य आहे. लक्ष्याची खात्री पटत नसेल तर हल्ला थांबवायचा असतो, आणि इथे आकडे व वर्णन एकमेकांशी भांडत असताना तोफ चालली. शिवाय चौकशी करणारं लष्कर तेच. संस्थेने आंतरराष्ट्रीय मानवतावादी तथ्यशोधन आयोगाकडून चौकशी मागितली होती. तो आयोग पहिल्या पूरक कराराच्या कलम ९० खालचा, १९९१ पासून अस्तित्वात, १५ सदस्य. पण देशाच्या संमतीशिवाय तो हलू शकत नाही. संमती मिळाली नाही. २०१७ मध्ये पूर्व युक्रेनमधल्या एका स्फोटासाठी त्याने पहिल्यांदा काम केलं.

एक व्यवहारी मुद्दा. छपरावर रंगवलेली खूण रात्रीच्या उष्णतादर्शक कॅमेऱ्यात दिसेलच असं नाही, कारण रंग आणि छप्पर एकाच तापमानाला असतात. खूण अशा कॅमेऱ्यातही उठून दिसेल असं साहित्य वापरावं लागतं, आणि जागेचे आकडे दोन्ही बाजूंना लेखी कळवून पोच घ्यावी लागते. आकडे कळवणाऱ्याने इमारतीचा मध्य, चारही कोपरे आणि आवाराची हद्द वेगवेगळी द्यावी. एकच बिंदू दिला तर मोठ्या आवारातली बाकीची इमारत यादीबाहेर राहते.

---

तिठा

वरिष्ठाने हुकूम दिला तर सैनिकाची जबाबदारी किती? आपल्या कायद्यात काय आहे?

---

रानवारा

@तिठा, सेना अधिनियम १९५० च्या कलम ४१ मध्ये शिक्षा आहे ती 'कायदेशीर' हुकूम मोडल्याबद्दल. हा शब्द तिथे मुद्दाम आहे. बेकायदा हुकूम न पाळणं हा त्या कलमाखालचा गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १४, म्हणजे जुन्या दंडविधानाचं ७६, जमावावर वरिष्ठाच्या हुकुमाने गोळी झाडणाऱ्या सैनिकाचं उदाहरण देतं. तिथेही 'कायद्याच्या आदेशाला धरून' ही अट आहे. हुकूम होता एवढं पुरत नाही.

वर जाणारी जबाबदारी जास्त अवघड. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीचं कलम २८ सांगतं की सेनापतीला गुन्हा ठाऊक असेल किंवा ठाऊक असायला हवा होता, आणि त्याने तो रोखण्यासाठी, शिक्षेसाठी किंवा योग्य यंत्रणेकडे सोपवण्यासाठी आवश्यक व वाजवी उपाय केले नाहीत, तर तो स्वतः दोषी. काँगोतल्या सशस्त्र गटाचा प्रमुख बेंबा याच्या प्रकरणात २०१६ ला १८ वर्षांची शिक्षा झाली आणि जून २०१८ मध्ये अपिलात निर्दोष सुटका. अपिलात गाडी 'वाजवी उपाय' म्हणजे काय यावर अडली. दूरच्या देशात गेलेल्या तुकड्यांवर त्याला किती करता येणं शक्य होतं, हे खालच्या कोर्टाने नीट तपासलं नाही, असं बहुमत म्हणालं.

आपल्याकडे आणखी एक टप्पा. सेना अधिनियमाचं कलम ७० म्हणतं की नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार यांचा खटला कोर्ट मार्शलपुढे चालत नाही, मात्र आरोपी 'सक्रिय सेवेत', भारताबाहेर किंवा ठरवून दिलेल्या सीमाचौकीवर असेल तर चालतो. अशांत क्षेत्रांत अनेक तैनाती सक्रिय सेवा म्हणून अधिसूचित असतात, त्यामुळे अपवादच नियम होऊन बसतो. आणि सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याखाली (अफ्स्पा) दिवाणी वा फौजदारी न्यायालयात जायचं तर केंद्राची पूर्वमंजुरी. मणिपूरमधल्या कथित बनावट चकमकींतल्या १,५२८ मृत्यूंच्या याचिकेवर जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशांत क्षेत्र असलं तरी बेसुमार बळ वापरण्याची मुभा मिळत नाही. हे मोठं पाऊल होतं, आणि ते जिनिव्हा कायद्यातून आलेलं नाही, राज्यघटनेतून आलं. दप्तरींनी सांगितलेली पोकळी तिथेच दिसते.

---

कातळ

हेगबद्दल थोडक्यात, कारण बातम्यांत दोन न्यायालयांची सरमिसळ होते. आंतरराष्ट्रीय न्यायालय देशादेशांतले वाद ऐकतं. काँगोविरुद्धच्या कृत्यांसाठी युगांडाने ३२.५ कोटी डॉलर द्यावेत असं त्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये ठरवलं, वर्षाला ६.५ कोटींचे पाच हप्ते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय माणसांवर खटला चालवतं, ते १ जुलै २००२ पासून. भारत, पाकिस्तान, चीन, अमेरिका, रशिया, इस्रायल त्यात नाहीत. तरीही सदस्य देशाच्या भूमीवर गुन्हा घडला तर सदस्य नसलेल्या देशाचा नागरिकही त्याच्या कक्षेत येतो.

त्याच्याकडे पोलीस नाहीत, आणि आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालत नाही. युगांडातला बंडखोर नेता जोसेफ कोनी याच्यावरचं वॉरंट २००५ चं. सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशीर वॉरंट असताना २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जाऊन परतले. याउलट युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने १६१ जणांवर आरोप ठेवले आणि शेवटी एकही फरारी उरला नाही. बोस्नियातल्या सर्बांचा नेता काराजिच २००८ मध्ये आणि त्यांचा सेनापती म्लादिच २०११ मध्ये सापडले, आरोपपत्रानंतर १३ आणि १६ वर्षांनी. मागे जोर होता तो युरोपीय संघाचा. आरोपी द्या, तरच सर्बियाची प्रवेशप्रक्रिया पुढे सरकेल. वॉरंट बजावायचं तर त्यामागे कुणाचा तरी स्वार्थ बांधावा लागतो.

आणि पुरावा. क्रोएशियाचा जनरल गोतोविना याच्या खटल्यात त्याच न्यायाधिकरणाच्या खालच्या कोर्टाने लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरच्या बाहेर पडलेले तोफगोळे बेकायदा हल्ल्याचा पुरावा धरले, २४ वर्षं दिली. नोव्हेंबर २०१२ मध्ये अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी सुटका. २०० मीटर कुठून आले याला आधारच नव्हता. तोफेचा प्रकार, पल्ला, वारा, निरीक्षक कुठे होता, फिरत्या लक्ष्याची शक्यता, हे सगळं त्या दिवशीच्या नोंदींतून यायला हवं होतं. नोंदी नसतील तर न्यायाधीश अंदाज बांधतो आणि अंदाज अपिलात टिकत नाही.

---

मिठागर

शेवटचा, जवळचा प्रश्न. डॉक्टरांच्या गाड्यांवर, औषधांच्या दुकानांवर, रुग्णवाहिकांवर लाल क्रॉस असतो. तोही याच कायद्यात येतो का?

---

दप्तरी (धागालेखक)

@मिठागर, हो. त्याच १९६० च्या कायद्याचं कलम १२. पांढऱ्यावर लाल क्रॉस, लाल चंद्रकोर, 'रेड क्रॉस' किंवा 'जिनिव्हा क्रॉस' हे शब्द, इतकंच काय लालवर पांढरा स्विस क्रॉससुद्धा केंद्र सरकारच्या संमतीशिवाय कोणत्याही कामासाठी वापरता येत नाही. कलम १३ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड आणि ज्या मालावर खूण आहे तो जप्त. रक्कम १९६० चीच राहिली आहे आणि कलम १७ ची अट इथेही आहे, म्हणून कारवाई दिसत नाही.

ही खूण 'वैद्यकीय सेवा' असं सांगत नाही. ती सांगते, 'मला मारू नका, मी लढाईत नाही'. सैन्याची वैद्यकीय दलं आणि रेड क्रॉस संस्था यांच्यासाठी ती आहे. नाक्यानाक्यावर दिसणारी खूण लढाईच्या दिवशी बंदूकधाऱ्याला थांबवू शकत नाही.

बदल सोपा आहे. रुग्णवाहिकेवर निळी सहा टोकांची जीवनतारका, प्रथमोपचार पेटीवर हिरव्यावर पांढरा क्रॉस, दुकानावर हिरवा क्रॉस, डॉक्टरांच्या गाडीवर वैद्यकीय संघटनेचं बोधचिन्ह. लाल क्रॉसचा रंग बदलताना बाह्यरेषा लाल ठेवून आत पांढरं करण्याची पद्धत दिसते, ती चालत नाही. लांबून ती लाल क्रॉससारखीच वाचली जाते. पूर्ण खरवडून नवीन खूण लावावी. मोफत सेवेची रुग्णवाहिका असेल तर पहिल्या कराराच्या कलम ४४ खाली राष्ट्रीय रेड क्रॉस संस्थेच्या स्पष्ट परवानगीने अपवाद होऊ शकतो, त्यासाठी भारतीय रेड क्रॉस सोसायटीच्या राज्य शाखेकडे लेखी अर्ज करावा आणि परवानगीची प्रत गाडीत ठेवावी.